तीन रेपो, एक बिल्ड

प्रश्न : आमच्या सयाजीगंजातल्या ऑफिसात ॲप, सामाईक लायब्ररी आणि माहितीपुस्तिका असे तीन गिट रेपो (कोडची भांडारं) आहेत. जेन्किन्स हा आपोआप बिल्ड करणारा, म्हणजे कोडपासून चालतं सॉफ्टवेअर बनवणारा, सर्व्हर फक्त ॲप बदललं की बिल्ड करतो. लायब्ररीवाला सहकारी संध्याकाळी पुश करून (बदल गिट सर्व्हरवर चढवून) घरी जातो, आणि सकाळी टेस्टिंगला जुनाच माल! काय करावं?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : पाइपलाइनच्या (बिल्डच्या पायऱ्यांच्या) स्क्रिप्टमध्ये तिन्ही रेपोंचा चेकआउट (कोड उतरवून घेण्याची पायरी) लिहा आणि ‘पोल एससीएम’ (रेपोत बदल झाला का ते तपासणं) चालू करा. मग एक बिल्ड हातानं चालवाच. त्याशिवाय कुठल्या कमिटशी (नोंदवलेल्या बदलाशी) तुलना करायची हे जेन्किन्सला कळत नाही. पुस्तिकेच्या चेकआउटला मात्र ‘पोल : फॉल्स’ द्या, म्हणजे तिथले बदल तपासले जाणार नाहीत. स्वल्पविराम सुधारला म्हणून बिल्ड कशाला?

‘पोल एससीएम’च्या वेळापत्रकात पाच फुल्या (* * * * *) मारून दर मिनिटाला गिट सर्व्हरचं दार ठोठावणं मला तरी पटत नाही. वेळापत्रक कोरं सोडा आणि ॲप व लायब्ररी या दोन्ही रेपोंना वेबहुक (पुश झाला की जेन्किन्सला आपोआप कळवणारी सोय) लावा.

लायब्ररी आणि ॲप पाठोपाठ पुश होत असतील, तर पहिलं बिल्ड अर्धवट जोडीवर फुटेल. ‘क्वाएट पीरियड’ (बिल्ड सुरू करण्याआधी जेन्किन्स थांबतो तो वेळ) मुळात ५ सेकंदांचा असतो, तो १२० करा. दोन्ही पुश त्या अवधीत आले, तर बिल्ड एकच होईल. सहकाऱ्याला सांगा, आधी लायब्ररी, मग ॲप.