आयकर किंवा कर्ज थकलंय म्हणून फोन आला, तर तो खरा की खोटा कसं ओळखायचं?

पहिली खूण म्हणजे घाई. "आत्ता पैसे भरा, नाहीतर तासाभरात पोलीस दारात" असं कोणी म्हणालं की फोन ठेवा. भुसावळजवळ आमच्या काकांना केळीचे पैसे खात्यात आले त्याच आठवड्यात असा फोन आला. समोरचा दरडावून हिंदीत बोलत होता. काका घामाघूम, मांडीवर पासबुक उघडं, ओटीपी सांगायच्या अगदी बेतात. काकूने फोन हातातून ओढला म्हणून वाचले.

आयकराच्या नोटिशीवर २०१९ पासून डीआयएन, म्हणजे त्या नोटिशीचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो, तो ई-फायलिंग पोर्टलवर तपासता येतो. आयकर खातं ओटीपी किंवा पिन कधीच मागत नाही. 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे व्हिडिओ कॉलवरच अटक केली म्हणून धमकावणं, हे तर कायद्यातच नाही. कर्ज खरंच असेल तरी वसुलीवाल्याने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शंका वाटली तर स्वतः शाखेत जा. फोन करणाऱ्याने दिलेल्या नंबरवर उलट फोन करू नका.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त.