टर्बोसाठी पॉलिसी मोडू का?

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय 41, हातात पगार 68 हजार, घरकर्ज 28 लाख बाकी, दोन मुलं शाळेत, घरात कमावणारे हे एकटेच. 2017 ची टर्बो डिझेल गाडी कसारा घाट चढताना काळा धूर सोडते, पिकअप मरतो आणि बॉनेटखालून ‘शूऽऽ’ असा आवाज येतो. गॅरेजवाला म्हणतो टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) गेला, 80 हजार लागतील. विमा एजंट म्हणतो, सात वर्षं भरलेली पॉलिसी मोडा, 2 लाख 90 हजार येतील. 80 गाडीला घाला, उरलेल्यातून नव्या पॉलिसीचा वर्षाचा एक लाखाचा हप्ता सुरू करा. यांचा प्रश्न एवढाच: पॉलिसी मोडू की पर्सनल लोन काढू?

तूर्त दोन्ही नको. टर्बोच गेला हे ठरवलं कोणी? टर्बोचं सील गेलं की ऑइल जळतं आणि धूर निळसर येतो. तुमचा काळा आहे, तोही चढावरच, आणि वर तो आवाज. टर्बोने दाबलेली हवा इंजिनापर्यंत पोचण्याआधीच निसटत असावी. सेन्सर हवा मोजतो टर्बोच्या अलीकडे, त्या हिशेबाने डिझेल पडतं, पण हवा वाटेतच गळते. मग अर्धवट जळलेलं डिझेल काळं होऊन बाहेर येतं. इंटरकूलर म्हणजे ही दाबलेली हवा थंड करणारी जाळी, तिच्या रबरी पाइपांचे सांधे बघा. जिथे ऑइलचा ओलसर काळा डाग, तिथे संशय. गॅरेजला ‘स्मोक टेस्ट’ करायला सांगा: इंजिन बंद ठेवून हवेच्या मार्गात धूर सोडतात, तो जिथून डोकावेल तिथे गळती. क्लॅम्प ढिला असेल तर शेकड्यांत भागेल, पाइप फाटला असेल तर काही हजारांत. ही तपासणी न करता 80 हजारांचा आकडा सांगणाऱ्या गॅरेजला गाडी देऊ नका.

आता तुम्ही न विचारलेलं. पॉलिसी वाईटच होती. वर्षाला 60 हजार, वीस वर्षं, म्हणजे 12 लाख भरून शेवटी 22 लाखांची आशा. ‘जवळजवळ दुप्पट’ म्हणून विकलेला हा माल वर्षाला साडेपाच टक्के परताव्याचा आहे. पीपीएफसुद्धा याहून जास्त देतो. पण चूक सात वर्षांपूर्वीची, आणि तिची किंमत तुम्ही मोजून बसलात. भरलेत 4 लाख 20 हजार, आज मोडली तर 1 लाख 30 हजारांवर पाणी. उलट आजचे 2 लाख 90 हजार आणि पुढचे तेरा हप्ते एवढंच धरून हिशेब केला, तर तेच 22 लाख आठ टक्क्यांच्या आसपास पडतात. या 22 लाखांत धरलेल्या बोनसची हमी नाही, तो घटला तर आकडाही घटेल. तरी मोडण्यात शहाणपण नाही. मोडण्यात फायदा एजंटचा, नव्या पॉलिसीचं पहिल्या वर्षाचं कमिशन. सातव्या वर्षीच त्याला तुमची आठवण कशी झाली?

खरा खड्डा वेगळाच आहे. या पॉलिसीचं विमासंरक्षण 12 लाख, कर्ज 28 लाख. उद्या तुम्हाला काही झालं तर बायको-मुलांच्या हाती पैसे नाहीत, 16 लाखांचं देणं उरेल. बोनस जमेस धरला तरी भोक मोठंच. आणि बँकेत शिल्लक 40 हजार! म्हणून तर एका पाइपासाठी पॉलिसी मोडायची वेळ आली.

वर्षाला लाख भरायची तुमची तयारी आहेच. ते नव्या पॉलिसीत न घालता त्यातले 60 हजार जुन्या पॉलिसीच्या हप्त्याला ठेवा, बाकीच्या 40 हजारांतून एक कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) घ्या आणि त्यातून उरेल त्याचं बँकेत आरडी लावा. तीन-चार महिन्यांचा खर्च साठेपर्यंत त्याला हात लावू नका. स्मोक टेस्टनंतरही टर्बोच निघाला, तर जुन्या पॉलिसीवर कर्ज मिळतं, ते पर्सनल लोनपेक्षा बहुधा स्वस्त पडेल. रिकंडिशन टर्बोचाही भाव काढा.

टर्मचा हप्ता व्यसन नसलेल्याला वीसेक हजार पडावा. तुम्ही पत्राच्या शेवटी ‘तंबाखू कधीमधी’ लिहिलंय, तेव्हा तीस धरा. आणि फॉर्मवर ते ‘कधीमधी’ लपवू नका. क्लेमच्या वेळी कंपनी तेच शोधते.