चकीचं हसू आणि मनातली टोचणी

प्रश्न : मी ५२ वर्षांची शिक्षिका. घरचे झोपले की ‘ब्राइड ऑफ चकी’ हा खुनी बाहुल्याचा इंग्रजी सिनेमा लावते आणि पोट धरून हसते. खुनांच्या सिनेमाला हसणं बरं का, ताई? – एक वाचक, सातारा

उत्तर : अगदी बरं! १९९८चा हा सिनेमा मीही तीनदा पाहिलाय. तुम्ही खुनाला हसत नाही, संसाराला हसता. तो प्रसंग आठवा. चकीच्या बाहुली-जोडीदारणीनं, टिफनीनं, स्वयंपाक केलाय, आणि चकी साधं ताट विसळत नाही म्हणून ती कडाडते. हातात सुरा असलेली दोन बाहुली, आणि भांडण मोरीतल्या खरकट्यावरून! हे कुणाच्या घरात घडत नाही?

चकीचा १९८८चा पहिला सिनेमा खरंच भीतिदायक होता. लेखक डॉन मॅन्सिनी पहिल्यापासून त्यात होते, आणि आपल्याच राक्षसाला हास्यास्पद करण्याचं धैर्य त्यांनी दाखवलं. मला त्याचं फार कौतुक वाटतं. टिफनी झालेल्या जेनिफर टिलीचा तो लाडिक, घोगरा आवाज तर निव्वळ सुख.

आणि आपण हे आधीच केलं होतं. १९९३ साली महेश कोठारेंच्या ‘झपाटलेला’त रामदास पाध्यांचा तात्या विंचू आला, तेव्हा थिएटरात माझा सहा वर्षांचा भाचा माझ्या पदराआड लपून खिदळत होता. भीती आणि हसू त्याला वेगळं काढता येत नव्हतं. मलाही नाही.

एवढं करा : पुढच्या वेळी घरच्यांनाही उठवा. भांडी कोण घासणार, ते मात्र आधी ठरवून घ्या.