डेटाबेसची स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवून बघ

प्रिय मित्रा,

तुझी शेल स्क्रिप्ट नीट वाचली. कोऱ्या उबुंटू मशीनवर ती पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर बसवते, युजर आणि डेटाबेस तयार करते, सेटिंग्ज भरते. कुणाची मदत न घेता तू हे जमवलंस याचा मला मनापासून आनंद आहे. आता तीच स्क्रिप्ट त्याच मशीनवर पुन्हा चालव. एक तर युजर आधीच आहे म्हणून ती अर्ध्यात थांबेल, नाही तर कॉन्फिग फाइलच्या शेवटी त्याच ओळी परत जोडेल.

सर्व्हर एकदाच उभा राहतो. पुढची कित्येक वर्षं त्यावर लोकांचा खरा डेटा असताना सेटिंग्ज बदलत राहाव्या लागतात. म्हणून काय काय करायचं याची यादी स्क्रिप्टला देऊ नकोस, शेवटी सर्व्हर कसा असला पाहिजे ते लिही. हा विचार जुना आहे. मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सीएफइंजिन हे सर्व्हरच्या सेटिंग्ज सांभाळणारं साधन लिहिलं ते याच दिशेनं; पपेट, शेफ आणि २०१२ मध्ये आलेलं अ‍ॅन्सिबल त्याच वाटेवरचे. तू अ‍ॅन्सिबल घे. सर्व्हरवर वेगळा एजंट, म्हणजे सतत चालणारा मदतनीस प्रोग्रॅम, लागत नाही; दुरून लॉगिन करायला एसएसएच आणि पायथन असलं की भागतं. सर्व्हर कसा हवा ते टास्क-टास्कनं लिहिलेली अ‍ॅन्सिबलची फाइल म्हणजे प्लेबुक; ते लागोपाठ दुसऱ्यांदा चालवल्यावर ‘चेंज्ड’ (किती गोष्टी बदलल्या) समोर शून्य आलं पाहिजे. ते येईपर्यंत काम झालं असं मानू नकोस.

पण डेटाबेसमध्ये काही गोष्टी अशा आहेत की नंतर फाइल बदलून त्या बदलत नाहीत. डेटा डिरेक्टरी तयार होते त्याच क्षणी एन्कोडिंग (अक्षरं कशी साठवायची), लोकेल (भाषेनुसार क्रम लावण्याचे नियम) आणि चेकसम (डेटा बिघडला तर ओळखणारी बेरीज) ठरून जातात. पोस्टग्रेसच्या १८व्या आवृत्तीच्या आधी चेकसम आपोआप चालू होत नव्हते. ते नंतरही चालू करता येतात, पण सर्व्हर बंद ठेवून, आणि डेटा मोठा असला तर बराच वेळ. उबुंटूवर तर पॅकेज बसवताक्षणी क्लस्टर, म्हणजे ती डेटा डिरेक्टरी आणि तिच्यातले डेटाबेस, आपोआप तयार होतो, म्हणजे तुझे पर्याय लागू व्हायच्या आधीच निर्णय झालेला असतो. त्यासाठी आधी पोस्टग्रेसचं ‘कॉमन’ पॅकेज बसव, त्याच्या क्रिएटक्लस्टर फाइलमध्ये आपोआप क्लस्टर बनवणं बंद कर, आणि मगच मुख्य पॅकेज बसव. क्लस्टर आपल्या पर्यायांनिशी आपण बनवायचा, आणि डेटा डिरेक्टरीत आवृत्तीची फाइल आधीच असेल तर प्लेबुकनं त्या पायरीला हातही लावायचा नाही.

आता रीस्टार्टकडे ये, कारण इथे मला तुझी सगळ्यात जास्त काळजी वाटते. कुणाला कुठून जोडता येईल याचे नियम बदलले तर नुसतं रीलोड पुरतं. शेअर्ड बफर्स, म्हणजे पोस्टग्रेस स्वतःसाठी राखून ठेवते ती मेमरी, बदलले तर रीस्टार्टच लागतो, आणि रीस्टार्ट म्हणजे सगळी कनेक्शन्स तुटणार. दोन्हींसाठी वेगळे हँडलर ठेव; हँडलर म्हणजे एखाद्या टास्कनं काही बदललं तरच चालणारी पायरी. हँडलर चालतात प्लेच्या, म्हणजे टास्कच्या त्या गटाच्या, शेवटी. समज, शेअर्ड बफर्स १२८ एमबीवरून ४ जीबी केले, फाइल बदलली, आणि पुढची एखादी टास्क फसली. हँडलर चाललाच नाही. तू चूक सुधारून प्लेबुक पुन्हा चालवलंस; फाइल आता बरोबरच आहे, त्यामुळे ‘बदल नाही’, आणि हँडलरला कुणी हाकच मारत नाही. सगळं हिरवं दिसतं आणि सर्व्हर अजून १२८ एमबीवरच चालतो. भर म्हणून कुणी कधीतरी डेटाबेसमधूनच सेटिंग बदलणारी ‘ऑल्टर सिस्टम’ ही आज्ञा चालवलेली असेल, तर ती किंमत वेगळ्या ‘ऑटो’ फाइलमध्ये जाते आणि तुझ्या फाइलवर मात करते.

म्हणून शेवटची टास्क अशी लिही की ती सर्व्हरलाच विचारेल. आधी रीलोड कर, मग पीजी-सेटिंग्ज या पोस्टग्रेसच्या तक्त्यात चालू किंमत, ती कोणत्या फाइलमधून आली आणि रीस्टार्ट बाकी आहे का, हे तिन्ही बघ. जुळलं नाही तर प्लेबुक लाल झालं पाहिजे. तपासणीत बाकी दिसलेला रीस्टार्ट मात्र त्याला परस्पर करू देऊ नकोस, ती वेळ माणसानं ठरवावी.

बॅकअपलाही हाच नियम. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या साइटवर चुकून मुख्य सर्व्हरचीच डेटा डिरेक्टरी पुसली गेली. मग कळलं की रोजचा डम्प, म्हणजे डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत, होतच नव्हता: डेटाबेस ९.६ चा आणि डम्प घेणारं साधन ९.२ चं. बिघाडाच्या ईमेलही पोचत नव्हत्या. सुमारे सहा तासांपूर्वीच्या स्नॅपशॉटवरून त्यांनी साइट परत उभी केली. त्यांनी हे सगळं उघडपणे लिहून ठेवलं, त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. तुझ्या प्लेबुकमध्ये क्लायंटची, म्हणजे डम्प घेणाऱ्या साधनाची, आवृत्ती सर्व्हरशी जुळते का, हे तपासणारी टास्क असायलाच हवी. आणि डम्प दुसऱ्या मशीनवर खरोखर रीस्टोअर करून बघणारं वेगळं प्लेबुकही.

पासवर्ड व्हॉल्टमध्ये, म्हणजे अ‍ॅन्सिबलच्या कुलूपबंद फाइलमध्ये, टाक, आजच. गिटमध्ये उघडे गेले असतील तर बदलून टाक. खऱ्या सर्व्हरवर जाण्याआधी चेक मोडमध्ये (काही न बदलता) डिफ, म्हणजे काय काय बदलेल ते, बघत जा, आणि रेप्लिका, म्हणजे मुख्य सर्व्हरची नक्कल ठेवणारी मशीन्स, असतील तर एका वेळी एकच मशीन घे. क्लस्टरची पायरी आणि शेवटची तपासणी लिहून झाली की मला पाठव. रीस्टोअरचं प्लेबुक आपण शेजारी बसून लिहू.

तुझा,
दादा