थ्री-डी बघून डोळे दुखतात, ते ईईजीवर दिसतं का?

तुम्ही विचारलंय की थ्री-डी टीव्ही किंवा व्हीआर बघताना डोळ्यांना होणारा त्रास ईईजीने, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी टिपून, मोजायचा एमटेक प्रोजेक्ट जमेल का, आणि ईईजीचा हेडसेट कुठला घ्यावा. जमेल. हेडसेटचं शेवटी बोलू, कारण तुमच्या प्रश्नाने माझं जुनं दुखणं वर काढलंय आणि ते ओकल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

२०१२ च्या आसपासची गोष्ट. थ्री-डी सिनेमांची लाट होती, दुकानादुकानात थ्री-डी टीव्ही मांडलेले, आमच्या सरांनीही लॅबच्या पैशातून एक घेतला, शटरवाल्या चष्म्यांसकट. माझा विषय ठरला, थ्री-डीने डोळे थकतात ते मेंदूच्या लहरींत दाखवायचं. १२ जण गोळा केले, सगळे हॉस्टेलचे, मोबदला एक वडापाव आणि कटिंग. पहिली लढाई तेलाशी. दहादा बजावूनही पोरं डोक्याला चपचपीत तेल थापून यायची, इम्पिडन्स, म्हणजे इलेक्ट्रोड आणि कातडीमधला विजेचा अडथळा, काही केल्या ५ किलोओहमच्या खाली येईना, मग शाम्पू करून ये म्हणून परत पाठवायचं आणि आल्यावर एकेका इलेक्ट्रोडखाली बोथट सुईच्या सिरिंजने जेल भरत बसायचं. एका डोक्याला पाऊण तास.

पहिल्या चौघांत डोक्याच्या मागे, ओझेड नावाच्या इलेक्ट्रोडवर, २० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला २० लहरींच्या जागी, सुळक्यासारखं टोक आलं. सर खूश. बीटा, म्हणजे जलद लहरी, वाढल्या म्हणजे ताण, झालं, पेपर लिहायला घे. मला पटेना, कारण मेंदूचं आपलं आपण इतकं टोकदार काही येत नाही. दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग सहज वर बघितलं तर चोकवाली ट्यूब! आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, चष्म्याचं शटर एकेका डोळ्यापुढे सेकंदाला ६० वेळा उघडमीट करतं, आणि या दोघांच्या मारामारीतून (६० ची दुप्पट १२०, वजा १००) २० हर्ट्झची तिसरीच फडफड तयार होते. डोळ्यापुढे जे फडफडतं त्याच तालावर मेंदूचा मागचा भागही डोलतो. ट्यूब बंद केली, टोक गायब. सर म्हणाले, ठीक आहे, अंधारात घे.

घेतलं. अंधार, एसी, दुपारचे दोन आणि पोटात मेसचं जेवण. आता अल्फा, म्हणजे बीटापेक्षा संथ लहरी, वाढायला लागला. सर परत खूश, अल्फा म्हणजे थकवा. अहो पण अल्फा पेंगतानाही वाढतो आणि कंटाळल्यावरही वाढतो, समुद्रातल्या माशांची तीच क्लिप तासभर बघून कोण पेंगणार नाही? मी गुपचूप पाच जणांना वेगळ्या दिवशी बोलावून तीच क्लिप, चष्मा घालूनच, टू-डीत दाखवली. अल्फा जवळजवळ तेवढाच वाढला. सरांना दाखवलं तर म्हणाले, हे प्रपोजलमध्ये नव्हतं.

आणि मग माझी रूममेट. दहाव्या मिनिटाला म्हणाली, अगं काढ हे, भुवईच्या वर कोणीतरी स्क्रू पिळतंय. डोळ्यांतून घळाघळा पाणी. ग्राफ बघितला तर अल्फा जागचा हललेला नाही. म्हणजे जिला सगळ्यांत जास्त त्रास झाला तीच मशीनच्या मते सगळ्यांत ताजीतवानी. सर शांतपणे म्हणाले, हिला आउटलायर, बाकीच्यांपासून फटकून असलेली, धर आणि काढून टाक. मी म्हटलं, सर, ती सांगतेय ना दुखतंय म्हणून. तर म्हणे, "बोलणं म्हणजे डेटा नव्हे." मी काढून टाकली. डिग्री हवी होती.

सहा महिन्यांनी ती नंबर काढायला गेली, तिथल्या मॅडमनी पेनाचं टोक हळूहळू नाकाकडे आणलं आणि १८ सेंटीमीटरलाच तिला एकाची दोन पेनं दिसायला लागली. एरवी लोकांना ते १० सेंटीमीटरच्या आत येईपर्यंत एकच दिसतं. डोळे आत वळवायची ताकदच कमी होती तिची, आणि आम्ही तिला अंगावर येणारे मासे दाखवत होतो. हिशोब करा, डायॉप्टर म्हणजे १ भागिले मीटरमधलं अंतर, टीव्ही २ मीटरवर म्हणजे फोकस ०.५ डायॉप्टरवर, मासा अर्ध्या मीटरवर आल्यासारखा दिसला की डोळे वळतात २ डायॉप्टरला. मधली दीड डायॉप्टरची ओढाताण सोसायची डोळ्यांनी. कवटीवरच्या इलेक्ट्रोडला त्यातलं थेट काही दिसत नाही, त्याला फार तर मेंदूवर झालेला परिणाम दिसतो, तोही झोप, कंटाळा, भूक सगळ्यात मिसळून.

अमेरिकेत बर्कली विद्यापीठात दृष्टीवर काम करणाऱ्या मार्टिन बँक्स यांच्या लॅबने २००८ मध्ये ही ओढाताण वेगळी काढून दाखवली, वेगवेगळ्या अंतरांवर खरोखर फोकस करता येईल असा डिस्प्ले बांधून. ओढाताण काढली की थकवा कमी होतो हे त्यांना कसं कळलं? लोकांना विचारून. प्रश्नावली! सर, वाचताय ना?

तर तुमचं. इलेक्ट्रोडची टोपी चढवायच्या आधी प्रत्येकाची ती पेनाची तपासणी करा, पाच मिनिटं लागतात. टू-डी आणि थ्री-डी एकाच माणसावर, वेगळ्या दिवशी पण दिवसाच्या एकाच वेळी, क्रम आलटून पालटून. दर पाच मिनिटांनी तोंडाने विचारा, किती दुखतंय, कुठे दुखतंय. नुसत्या अल्फावर जाऊ नका, मधूनमधून वेगळा बीप वाजवून पी-३००, म्हणजे अशा वेगळ्या आवाजानंतर साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत उठणारी लहर, बघा, ते त्यातल्या त्यात बरं. हेडसेट म्हणाल तर कपाळावरच्या दोन इलेक्ट्रोडची पट्टी मुळीच नको, माणसाने डोळे बारीक केले की तिथे कपाळाचे स्नायूच दिसतात आणि तुम्ही त्याला बीटा म्हणून मोकळे होता. मागे ओ१, ओ२, ओझेड असलेलं काहीही चालेल. बजेट तुम्ही लिहिलेलं नाही, मग नाव काय सांगू?

आणि ईईजी फालतू आहे असं मी म्हणत नाहीये, माझी १२ पोरं म्हणजे काही जग नव्हे.

एक राहिलंच. रूममेटचं सेशन सकाळी साडेनऊचं होतं, दुपारी तिचं प्रॅक्टिकल होतं म्हणून. बाकी सगळे जेवून आलेले. त्यामुळे तिचा अल्फा दुखण्यामुळे वाढला नाही की नुसती झोप झालेली होती म्हणून, हे छातीवर हात ठेवून मलाही सांगता येणार नाही. सर भेटलेच कुठे तर हे एवढं बोलू नका.