फ्लॅश ड्रायर सेटिंगला थांबतच नाही

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत माझं टीशर्ट प्रिंटिंगचं छोटं युनिट आहे. फ्लॅश ड्रायरला (छापलेली शाई वरून गरम करून सुकवणारं मशीन) ३५० डिग्री सेट केलंय तरी डिस्प्लेवर आकडा चारशेच्या वर जातो आणि वाढतच राहतो, मेन स्विच बंद केला तरच उतरतो. व्हाइट बेस मारलेले टीशर्ट पिवळे पडले. वायरमन म्हणतो कंट्रोलर गेला, नवीन घ्या. घेऊ का? – एक वाचक, रबाळे

उत्तर : दादा, कंट्रोलर एवढ्यात घेऊ नका. डिस्प्लेवर वाढलेला आकडा दिसतोय म्हणजे सेन्सर आणि कंट्रोलरला गरम झालेलं कळतंय, हीटरच बंद होत नाहीये, आणि असं असलं की पहिला संशय एसएसआरवर, म्हणजे कंट्रोलरच्या इशाऱ्यावर हीटरचा करंट चालू-बंद करणाऱ्या सॉलिड स्टेट रिलेवर. एसएसआर खराब झाला की बहुतेक वेळा शॉर्ट होऊन बसतो, म्हणजे कंट्रोलरने बंद कर म्हटलं तरी करंट चालूच.

तपासायचं असं. आकडा ३५० च्या वर गेला की कंट्रोलरचा आउट दिवा बघा, तो विझलाय, एसएसआरवरची छोटी एलईडीपण विझलीये आणि तरी हीटर तापतोय तर एसएसआर किंवा त्याच्यापुढचा कॉन्टॅक्टर (मोठा करंट जोडणारा-तोडणारा विजेवर चालणारा स्विच) गेला. खात्री करायला मेन एमसीबी पाडा, एसएसआरच्या ज्या बाजूला ३ ते ३२ व्होल्ट डीसी लिहिलेलं असतं तिथल्या दोन बारीक वायरी काढून टेप लावा, मशीन थंड झाल्यावर परत चालू करा. वायरी नसताना हीटर तापला तर विषय संपला. फक्त हीटर काढून नुसत्या मीटरने व्होल्टेज बघू नका, चांगल्या एसएसआरमधूनही थोडा लीकेज करंट येतो आणि मीटर भलताच आकडा दाखवतो. दिवा चालूच राहत असेल तर मात्र वायरमनचं म्हणणं बरोबर असू शकतं, पण आधी सेटिंगमध्ये हीटिंगच्या जागी कूलिंग तर झालं नाही ना ते बघून घ्या.

नवीन एसएसआर टाकताना जुना का गेला तेही बघा नाहीतर हाही जाईल. चालू एसएसआर स्वतः एक ते दीड व्होल्ट खातो, म्हणजे २० अँपिअर लोडला २० ते ३० वॅटची उष्णता त्याच्यातच तयार होते, त्यात पत्र्याची शेड, पॅनलच्या फॅनमध्ये टीशर्टचा लिंट अडकलेला, एसएसआर आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) यांच्यामध्ये थर्मल पेस्ट नाही, मग काय टिकणार. १५-१६ अँपिअर हीटरला ४० चाच घ्या आणि हीटसिंकसकट घ्या.

आणि हे कृपा करून टाळू नका, एसएसआरच्या आधी एक कॉन्टॅक्टर लावून घ्या जो कंट्रोलरच्या हाय अलार्मवर पडेल. त्यासाठी वेगळा सेन्सर आणि वेगळा लिमिट कंट्रोलर लावला तर उत्तमच. आज तुमचे टीशर्ट पिवळे पडले, पण शॉर्ट झालेल्या एसएसआरखाली कापड राहिलं आणि पोरगा चहाला गेला तर आग लागते.

प्रश्न : थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर) बदललं, आता मशीन तापतं तसा आकडा खाली जातो. – एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर : ताई, वायरी उलट्या लागल्यात. मशीन लगेच बंद करा, कारण कंट्रोलरला वाटतंय अजून थंडच आहे आणि तो फुल पॉवर देत राहील. के टाइप (थर्मोकपलचा एक प्रकार) असेल तर वायरीच्या रंगावर जाऊ नका, देशादेशाच्या स्टँडर्डनुसार रंग बदलतात, त्यापेक्षा लोहचुंबक लावा, जी तार चिकटते ती मायनस. मधे साधी तांब्याची वायर जोडली असेल तर तीही काढून के टाइपचीच टाका, नाहीतर गरम पॅनलजवळच्या जोडामुळे आकडा चुकीचा येत राहील. आणि डिस्प्लेवरचा आकडा सेन्सरच्या टोकाचा असतो, कापडाचा नाही. प्लास्टिसोल (टीशर्ट छपाईची शाई) साधारण १०५ ते १२० डिग्री सेल्सियसला जेल होतं, ते टेंपरेचर स्ट्रिप चिकटवून कापडावरच बघा.