व्हिला म्हणजे हवेली नव्हे

एका अनुवादक ताईंचा प्रश्न आहे: ऑक्सफर्डवरच्या लेखात एका व्हिक्टोरियन व्हिलाचं पुढे कॉलेज झाल्याचा उल्लेख आहे. मी 'व्हिक्टोरियन हवेलीचे महाविद्यालयात रूपांतर झाले' असं लिहिलं. संपादकांना 'हवेली' खटकते. मग 'वाडा' चालेल का? शिवाय बे विंडो आणि गेबल यांना मराठीत काय म्हणायचं?

संपादकांचं बरोबर आहे. हवेली म्हटलं की आपल्याला राजस्थान नाहीतर हिंदी सिनेमातला जमीनदार आठवतो. (पुणेकरांना हवेली तालुका आठवेल. तिथला शब्द जुन्या महसुली व्यवस्थेतला आहे, मुख्य ठाण्याला जोडलेला आसपासचा मुलूख या अर्थाचा.) 'वाडा' तर त्याहून अडचणीचा. घराचं तोंड कुठे आहे ते पाहा, म्हणजे लक्षात येईल. वाडा आत पाहतो. रस्त्याच्या बाजूला भिंत आणि दिंडी दरवाजा, सगळा उजेड आणि सगळं जगणं मधल्या चौकात. व्हिला बाहेर पाहतो. तो बागेत मधोमध उभा असतो, चारही बाजूंना खिडक्या, आणि येणाऱ्याने त्याच्याकडे पाहावं हीच अपेक्षा. वाड्याला चौक हवा, व्हिलाला कुंपण आणि फाटक.

मग उरतो आपला साधा 'बंगला'. मी तोच वापरेन, आणि इथे शब्दाची गंमत आहे. बंगला म्हणजे मुळात बंगाली पद्धतीचं बैठं, गवताने शाकारलेलं घर. इंग्रजांनी तो शब्द उचलला, मायदेशी नेला, आणि 1870च्या आसपास केंटच्या किनाऱ्यावर समुद्राकाठची 'बंगलो' घरं उभी राहिली. इंग्रजीने त्यातला बैठेपणा घट्ट धरून ठेवला. आजही इंग्लंडात बंगलो म्हणजे बहुधा एकमजली घर. मराठीने मजले मोजायचं कधीच सोडून दिलं. स्वतंत्र, ऐसपैस, भोवती मोकळी जागा असलेलं घर, की झाला बंगला. मुख्यमंत्र्यांचा 'वर्षा' हाही बंगलाच. त्यामुळे दुमजली-तिमजली व्हिलाला इंग्रजीत बंगलो म्हटलं तर हसतील, पण मराठीत 'बंगला' चपखल बसतो. मूळ भाषेत चुकीचा ठरणारा शब्द अनुवादात बरोबर ठरतो, हे फार वेळा घडत नाही.

'व्हिला' ठेवायलाही हरकत नाही, पण त्या शब्दाचे दिवस पालटलेत. लॅटिनमध्ये तो शेतीवाडीतल्या मोठ्या घराचा शब्द. फ्रेंचमधला 'शहर' या अर्थाचा 'व्हील' आणि इंग्रजी 'व्हिलेज' त्याचेच वंशज. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात तो उपनगरातल्या सुखवस्तू कुटुंबांच्या घरांपर्यंत उतरला, आणि आता बिल्डरांच्या जाहिरातींत भिंतीला भिंत लागलेली घरंही 'व्हिला' म्हणून खपतात. तुमच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे नेमकं तेच येण्याची भीती आहे.

तुमच्या लेखातलं घर बहुधा उत्तर ऑक्सफर्डमधलं असावं. तिथली जमीन सेंट जॉन्स कॉलेजची. नॉरॅम मॅनर या भागाची आखणी विल्यम विल्किन्सन या वास्तुकाराने 1860 साली केली. पिवळसर विटा, टोकदार कमानींच्या खिडक्या, उतरती छपरं, उंच धुराडी. लग्न झालेल्या प्राध्यापकांसाठी हे बंगले बांधले असं सर्रास सांगतात, पण फेलोंना, म्हणजे कॉलेजांच्या शिकवणाऱ्या सदस्यांना, लग्नाची सर्वसाधारण मोकळीक मिळाली ती 1877 नंतर. पहिले बरेचसे रहिवासी गावातले व्यापारी होते. 1879 साली लेडी मार्गरेट हॉल हे मुलींचं कॉलेज याच भागातल्या एका बंगल्यात सुरू झालं, नऊ विद्यार्थिनींवर. 1990 साली स्थापन झालेलं केलॉग कॉलेजही आज बॅनबरी रोडवरच्या अशाच बंगल्यांत आहे.

'व्हिक्टोरियन' लिहिताना मात्र जपून. ते राणी व्हिक्टोरियाच्या काळाचं नाव आहे, 1837 ते 1901, एका शैलीचं नव्हे. मुंबईचा राजाबाई टॉवर टोकदार कमानींचा गॉथिक, तर पुण्यातली गणेशखिंडीची जुनी गव्हर्नरची इमारत, जिथे 1949 पासून विद्यापीठ आहे, ती इटालियन वळणाची. दोन्ही व्हिक्टोरियनच. उलट, नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1889 साली ऑक्सफर्डच्या ज्या सॉमरव्हिल कॉलेजात गेल्या, ते ज्या वॉल्टन हाऊसमध्ये सुरू झालं होतं, ते घर राणी गादीवर येण्याआधीचं. तेव्हा लेखात बांधकामाचं साल दिलंय का, ते एकदा पाहा.

आता 'महाविद्यालयात रूपांतर'. ऑक्सफर्डचं कॉलेज म्हणजे मुलं राहतात, जेवतात, शिकतात ती जागा. 'महाविद्यालय' म्हटलं की आपल्याला तास आणि हजेरी दिसते, म्हणून 'कॉलेज'च ठेवा. आणि 'रूपांतर'? घर राहण्याचंच राहिलं, माणसं बदलली. फर्ग्युसन कॉलेज 1885 साली गद्रे वाड्यात सुरू झालं, पण वाड्याचं कॉलेजात रूपांतर झालं असं कोणी म्हणत नाही. मराठीत शाळा वाड्यात, देवळात, कोणाच्या ओसरीवरही भरते. भिंती पाडून आतली मांडणीच बदलली असेल, तर 'रूपांतर' जरूर लिहा.

गेबलचं उत्तर अर्धं आपल्या सुतारांकडे आहे. छपराच्या उतरत्या बाजूला ते पाखं म्हणतात. दोनपाखी छपराच्या टोकाला भिंतीचा जो त्रिकोण वर जातो, तोच गेबल. चौपाखी छपराला तो नसतो. म्हणून 'दोनपाखी छपराखालची त्रिकोणी भिंत' असं एकदा लिहून पुढे गेबल म्हणा. बे विंडोला सज्जा म्हणू नका, सज्ज्यात माणूस बाहेर उभा राहतो. गवाक्षही नको, तो पुस्तकी शब्द मुळात बैलाच्या डोळ्यावरून आलेला. 'भिंतीतून पुढे आलेली तीन अंगांची खिडकी' पुरे.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'पुढे या व्हिक्टोरियाकालीन बंगल्यात कॉलेज आलं.' संपादकांना फारच साधं वाटलं, तर 'आलं'च्या जागी 'थाटलं' करून पाहा.